निम्मी जागी पेशी कुठे आहे?

‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’, हे जैन न्यायाच्या अभ्यासकांना वारंवार सांगावे लागते. १९५७ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी महालनोबिस यांच्या ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेत एरन नोविक व मिल्टन वायनर यांनी जिवाणूंवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूपाशी दुधातील शर्करा पचविणाऱ्या विकरांची जनुके असतात. एरवी एक दमनकारी प्रथिन त्यांची वाट अडवून बसते. शर्करेपासून बनलेला प्रेरक रेणू त्याला चिकटला की ते बाजूला होते व जनुके जागी होतात. (ही रचना फ्रान्स्वा जेकब व जॅक मोनो यांनी १९६१ मध्ये उलगडली.)

नोविक व वायनर यांनी शर्करेसारखाच एक कृत्रिम प्रेरक मध्यम प्रमाणात दिला. एकूण विकर मधल्या पातळीवर आले. प्रत्येक पेशी अर्धवट जागी झाली असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काही पेशी पूर्ण जाग्या होत्या, उरलेल्या पूर्ण निद्रिस्त. ‘विकर निम्मे आहे’ हे विधान समूहाच्या अपेक्षेने सत्य होते, एकेका पेशीच्या अपेक्षेने असत्य.

याचे उत्तर गणितात आहे. जागी पेशी प्रेरकाला आत ओढणारे प्रथिनही बनवते. त्यामुळे प्रेरक आणखी आत येतो आणि जाग वाढते. या निर्मितीचा आलेख आधी मंद, मग एकदम चढा, शेवटी सपाट असतो. पेशी वाढते तसे प्रथिन विरळ होते. त्याचा आलेख सरळ रेषेचा. प्रेरक मध्यम असता दोन्ही आलेख तीन ठिकाणी छेदतात. दोन बिंदू स्थिर, मधला मात्र डोंगराच्या सुळक्यावर ठेवलेल्या चेंडूसारखा: जरा हलला की या उतारावर नाही तर त्या. दमनकारी प्रथिनाचे रेणू पेशीत जेमतेम दहाच्या आसपास असतात. एवढ्या थोड्या रेणूंत एखाद्याची क्षणिक हालचालही पारडे फिरवते. म्हणून या समीकरणांत संभाव्यता आणावी लागते.

पुढे प्रेरक कमी करून त्या दोघांनी पाहिले. एवढ्या प्रेरकाने निद्रिस्त पेशी जागी होत नव्हती. पण आधीच जाग्या असलेल्या पेशीची संतती पिढ्यानुपिढ्या जागीच राहिली. जनुके तीच होती, आणि द्रावणही तेच.