पायात वाळा घातलेला इवला पाहुणा

परसातील जास्वंदीवर किंवा केळफुलावर मध चाखण्यास येणारा शिंजीर आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच्याप्रमाणेच फुलांतील मधावर जगणारा, परंतु त्याच्याहून लहान असा गुंजन पक्षी अमेरिकेत आढळतो. इंग्रजीत त्यास हमिंगबर्ड म्हणतात. उत्तर व दक्षिण अमेरिका सोडून जगात अन्यत्र तो कोठेही नाही. त्याच्या पंखांची फडफड इतकी वेगवान असते की तिचा गुणगुणल्यासारखा आवाज होतो. त्यावरूनच त्याचे नाव पडले आहे.

लुइझियाना, अलाबामा, फ्लॉरिडा ही अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये मेक्सिकोच्या आखाताला लागून आहेत. तेथील कुटुंबे या पक्ष्यांसाठी अंगणात साखरपाण्याची बाटली टांगून ठेवतात. एक भाग पांढरी साखर व चार भाग पाणी, एवढेच तिचे प्रमाण. उन्हाळ्यात तेथे येणारा माणिककंठी गुंजन पक्षी थंडीपूर्वी मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे निघून जातो. मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात, बाग ओस पडली असता, एखाद्या घरच्या बाटलीवर तांबूस रंगाचा एक निराळाच पक्षी येऊन बसतो. याचे नाव रूफस. याची वीण होते ती खंडाच्या पार वायव्य टोकाला, थेट अलास्कापर्यंत. आणि याचे बहुतेक भाईबंद हिवाळा मेक्सिकोत काढतात.

मग हा येथे कसा? बिचारा वाट चुकला असावा, असेच पूर्वी लोकांना वाटे. आपल्या साखरेच्या मोहाने तो अडकला व आता थंडीत मरणार, अशी रुखरुखही कित्येकांना लागे. म्हणून थंडी पडण्यापूर्वीच बाटली उतरवून ठेवणे हीच खरी दया, असा समज रूढ झाला होता. हा समज खरा की खोटा, हे पक्ष्याला विचारण्याचा एकच उपाय होता: त्याच्या पायात क्रमांकाचा वाळा घालून त्याला सोडून देणे.

ही युक्ती जुनी आहे. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकाने १८९९ साली मैनेच्या जातीतील पक्ष्यांना क्रमांक असलेले ॲल्युमिनियमचे वाळे घातले, तेथून आधुनिक पद्धतीस आरंभ झाला. पण गुंजन पक्ष्याचे काम फार नाजूक. तीन रूफस एका पारड्यात घातले तरी बहुधा एक तोळा पुरता भरायचा नाही. लुइझियानात नॅन्सी न्यूफिल्ड या बाईंनी १९७९ साली हे काम हाती घेतले. पुढे अलाबामात बॉब व मार्था सार्जंट या दांपत्यानेही ते केले व इतर अनेकांना शिकविले.

सरकारी परवान्यावाचून हे काम कोणालाही करता येत नाही. क्रमांक छापलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून चिमुकली पट्टी कापावयाची, तिच्या कडा घासून गुळगुळीत करावयाच्या आणि तिला गोल आकार द्यावयाचा. तयार वाळ्याची पोकळी अवघी दीड मिलिमीटरच्या आसपास भरते! बाटलीभोवती जाळीचा पिंजरा ठेवतात. पक्षी आत शिरला की दोरी सोडून दार पाडतात. नंतर त्यास हळुवार हातात घेऊन वाळा घालतात, पंख, शेपूट व चोच मोजतात आणि वजन करतात. चोचीवर बारीक चरे दिसले तर पक्षी कोवळ्या वयाचा समजावा. काही मिनिटांत सारे आटोपते. मग त्यास साखरपाणी पाजून पुष्कळदा घरधन्याच्या किंवा एखाद्या मुलाच्या तळहातावर ठेवतात. क्षणभर तो स्तब्ध बसतो आणि भुर्रकन उडून जातो.

या वाळ्यांनी काय सांगितले? पहिली गोष्ट अशी की, काही पक्षी पुढल्या हिवाळ्यात नेमके त्याच अंगणात परतले. वाट चुकलेला प्रवासी असा ठरल्या घरी पुन्हा येत नसतो. दुसरी गोष्ट याहून नवलाची. फ्लॉरिडातील टॅलाहासी येथे १३ जानेवारी २०१० रोजी वाळा घातलेला एक रूफस त्याच वर्षी २८ जूनला अलास्कातील चेनेगा बे येथे पुन्हा हाती लागला. दोन ठिकाणांमधील अंतर साडेतीन हजार मैलांहून अधिक! साखरेचा मोह त्यास अडवू शकला नव्हता. कधी निघावयाचे हे दिवसाच्या लांबीवरून व अंगच्या उपजत प्रेरणेवरून ठरते. थंडीच्या रात्री हा पक्षी देहाची ऊब व हृदयाची गती पुष्कळ उतरवून जवळजवळ निश्चेष्ट होतो व शक्ती वाचवितो. पहाटे भरलेली बाटली मिळाली तर त्याची सोयच होते. म्हणजे ज्यांनी दयेपोटी बाटली उतरविली त्यांचा हेतू चांगला होता, पण दयेला माहितीची जोड नव्हती.

हे ज्ञान आज अधिकच मोलाचे आहे. कारण १९७० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत रूफस पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. वाळा घातलेल्यांपैकी फारच थोडे पुन्हा सापडतात. म्हणून "आमच्या अंगणात पाहुणा आला आहे" असे कळविणारे प्रत्येक घर या कामात भागीदार ठरते.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदूरजवळच्या धार संस्थानात पक्ष्यांना वाळे घातले गेले. १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हे कार्य मोठ्या प्रमाणावर केले. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकादंब हंस दक्षिण भारतातील तळ्यांवर दिसले आहेत. तेव्हा तळ्याकाठी किंवा शेतात मेलेल्या पक्ष्याच्या पायात वाळा आढळला, तर तो खेळणे म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. त्यावरील अक्षरे व आकडे, दिवस आणि गावाचे नाव टिपून या संस्थेस कळवावे. पक्षी जिवंत असेल तर क्रमांक वाचून घ्यावा, पण वाळा काढू नये. त्या इवल्या धातूच्या तुकड्यावर कोणा दूरदेशीच्या माणसाचा प्रश्न लिहिलेला असतो, आणि कदाचित त्याचे उत्तर आपल्याच गावी असते.