न्हाणीच्या चुलीजवळची हरिता

माजी विद्यार्थी भेटीस आले की भोजनगृह, विहार आणि क्रीडांगण पाहून झाल्यावर त्यांची पावले हमखास स्वयंपाकघराच्या मागे वळतात. अंघोळीचे पाणी तापविण्याची मोठी चूल तेथे होती. ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चोळत, हातात बादली घेऊन रांगेत उभे राहिलेल्या कित्येक पिढ्यांना ती जागा विसरणे शक्य नाही. तीन वर्षांपूर्वी छतावर सौर बंब बसले आणि चूल बंद झाली. पावसाचा जोर ओसरला की त्या राख मिसळलेल्या मातीवर हिरवी मखमल पसरते. ती कोणती वनस्पती, ती कशी ओळखावी, आणि ओळखण्यात आमची स्वतःची कोणती चूक झाली, हे येथे सांगावयाचे आहे.

व्यवहारात आपण पावसाळी हिरव्या थराला सरसकट शेवाळ म्हणतो. हौदातले निसरडे शेवाळ मात्र निराळे. त्यात खोड-पान असा भेद नसतो. चुलीजवळच्या वनस्पतीला खोडासारखा दांडा आहे, त्याभोवती पाने आहेत. मराठी शास्त्रीय ग्रंथ अशा वनस्पतींना हरिता म्हणतात. त्यांना खरी मुळे नसतात, फुले येत नाहीत, बी धरत नाही. धुळीसारख्या बीजाणूंपासून त्यांची नवी पिढी उगवते.

आमची हरिता म्हणजे फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका. हे नाव योहान हेडविग यांच्या मृत्यूनंतर 1801 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील आहे. ‘फ्युनिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ दोर, तर ‘हायग्रोमेट्रिका’ म्हणजे ओलावा मोजणारी. वनस्पतीची अर्धी ओळख या नावातच आहे. तिचे रोप जेमतेम सेंटिमीटरभर उंच असते. टोकाकडची रुंद, खोलगट पाने एकमेकांना बिलगून कळीसारखा गुच्छ करतात, आणि पानाच्या मध्यातून एकच शीर टोकापर्यंत किंवा टोकाजवळ जाते. एवढ्यावर थांबणाऱ्याची फसगत ठरलेली! अशी पाने आणखी कितीतरी हरितांना असतात.

खरी खूण वर आहे. गुच्छातून दोन ते पाच सेंटिमीटर लांब, पिवळसर-तांबूस देठ निघतो आणि त्याच्या शेंड्याशी बीजाणूंची कुपी धरते. कोवळेपणी कुपीवर लांब चोचीची, खाली फुगीर अशी पातळ टोपी असते. ती गळाली की कुपीचा आकार दिसतो. पेरूसारखी, पण एका बाजूस फुगलेली, मान खाली घातलेली, तोंड तिरपे. पिकून वाळली की तिच्यावर उभ्या पन्हळी उमटतात. भिंगातून तोंडाकडे पाहिल्यास झाकणाखाली सोळा तांबूस दात पिळदार मांडणीत दिसतात. त्यांची टोके मध्यभागी एका लहानशा चकतीला जुळलेली असतात आणि त्यांच्या आत नाजूक दातांचे दुसरे कडे असते. हवा कोरडी झाली की दातांमधल्या फटी उघडतात व बीजाणू थोडे थोडे वाऱ्यावर जातात. दमट हवेत फटी मिटतात. देठही असाच. वाळताना दोरासारखा पीळ घेतो, ओलावा मिळताच उलगडतो. वाळलेल्या देठावर तोंडाची वाफ सोडून पाहावी, कुपी गिरकी घेते. आमच्या मुलांना हा प्रयोग पुन्हा पुन्हा करावासा वाटतो, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही.

आता चुकीविषयी. प्रयोगशाळेतील संग्रहात ग्रंथालयाच्या मागील भिंतीवरून आणलेला एक नमुना ‘फ्युनेरिया’ या चिठ्ठीसह वर्षानुवर्षे ठेवलेला होता. चिठ्ठी आमच्याच हाताची. त्यावर एकही कुपी नव्हती. पाने पाहूनच आम्ही नाव लिहिले होते. नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, याची पाने सुरळीसारखी का वळली आहेत?” पाण्याचा थेंब टाकताच त्या काळपट सुरळ्या काही क्षणांत जिभेसारख्या उलगडल्या. ती हायोफिला होती. ही हरिता आपल्याकडे ओल्या भिंतींवर आणि दगडांवर विपुल आढळते. वाळताना तिच्या पानांच्या कडा आत वळतात. तिची कुपी सरळ, लांबट असते आणि तोंडाशी दात नसतात. त्या विद्यार्थिनीने पुस्तक उघडण्यापूर्वी नमुना पाहिला होता. आम्ही नेमके उलट केले होते.

पायऱ्यांच्या सांध्यांत चंदेरी झाक असलेली तिसरी हरिता वाढते, ती ब्रायम अर्जेंटियम. तिच्या पानांच्या टोकांत हरितद्रव्य नसते, म्हणून ती रुपेरी दिसते. तिचीही कुपी खाली लोंबते; मात्र ती दोन्ही बाजूंनी सारखी असते.

फ्युनेरिया चुलीजवळच का, असे पालक विचारतात. जळलेल्या जमिनीवर राखेतील क्षार भरपूर असतात आणि स्पर्धा करणारे गवत नसते. वाऱ्याने आलेले बीजाणू तेथे झपाट्याने रुजतात. पण ही वस्ती अल्पकाळाची असते. क्षार पावसाने धुपतात, गवत व अन्य हरिता येतात आणि फ्युनेरिया मागे सरते. चूल विझल्यापासून आमची मखमल दरवर्षी आकसत आहे. गेल्या वर्षी ती जेमतेम सुपाएवढी उरली होती, आणि त्याच जागी नव्या इमारतीचा पाया खणला जाणार आहे.

म्हणून पाया खणण्यापूर्वी कुप्यांसह काही रोपे वाळवून कागदी पाकिटांत ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. पाकिटावर जागा, तारीख आणि दिसलेल्या खुणा आधी लिहावयाच्या, नाव शेवटी. हायोफिलाच्या पाकिटातील आमची जुनी चिठ्ठी आम्ही काढून टाकलेली नाही. तिच्यावर एक रेघ मारली असून खाली त्या विद्यार्थिनीच्या अक्षरात नवे नाव आहे.