ब्राउझरच्या अंतरंगात – भाग ९ : दोन टॅबांचा ताळमेळ

प्रत्येक टॅबमधलं पान आपापल्या स्वतंत्र स्मृतीत चालतं आणि शेजारच्या टॅबमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो, हे आपण मागच्या भागात पाहिलं. एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहतात ती त्यामुळेच. पण तेच ॲप एकाच माणसाने दोन टॅबमध्ये उघडलं, की हा वेगळेपणा अंगाशी येतो.

पुस्तकविक्रीचं एखादं संकेतस्थळ घ्या. ग्राहकाने एका टॅबमध्ये शब्दकोशाचं पान उघडलंय, दुसऱ्यात पाककृतींच्या पुस्तकाचं. दोन्ही पानं उघडली तेव्हा खरेदीची यादी रिकामी होती आणि दोघांनी ती तशीच आपापल्या स्मृतीत घेऊन ठेवली. आता पहिल्या टॅबमध्ये त्याने शब्दकोश यादीत टाकला. पानाने नवी यादी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या सामायिक साठ्यात, लिहिली. मग दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन त्याने पाककृतींचं पुस्तक टाकलं. या पानाच्या लेखी यादी अजून रिकामीच असल्यामुळे त्याने एकाच पुस्तकाची यादी करून जुन्या यादीवर लिहिली. शब्दकोश गेला. एरर कुठेच आली नाही, दोन्ही पानांनी आपापलं काम चोख केलं, आणि पार्सल घरी येईपर्यंत ग्राहकाला काही कळलंही नाही. अशा चुका सापडायला फार कठीण, कारण ॲप लिहिणारा स्वतः बहुधा एकाच टॅबमध्ये तपासत असतो.

यावरचा सर्वांत जुना उपाय लोकलस्टोरेजमध्येच आहे. एका टॅबने तिथे काही बदललं, की ब्राउझर बाकीच्या टॅबना ‘स्टोरेज’ नावाची सूचना पाठवतो: कोणती नोंद बदलली, जुनी किंमत काय, नवी काय. ज्या टॅबने बदल केला त्याला मात्र ही सूचना मिळत नाही, आणि नवशिके इथेच हमखास अडखळतात. तीच किंमत पुन्हा लिहिली तर सूचना कोणालाच जात नाही. दोन्ही पानांचा प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तंतोतंत एक हवा. एक पान ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि दुसरं त्याच्याविना उघडलं असेल, तर ब्राउझरच्या दृष्टीने ती दोन परकी संकेतस्थळं. या साठ्यात फक्त मजकूर मावतो, तोही साधारण ५ एमबीपर्यंत.

ब्रॉडकास्ट चॅनल हा याहून नेटका मार्ग. दोन्ही टॅबनी एकाच नावाचा चॅनल उघडायचा. एकाने पाठवलेला निरोप बाकीच्यांना मिळतो, काही साठवावं लागत नाही. सफारीने तो मार्च २०२२ मध्ये, १५.४ या आवृत्तीत आणला. तेव्हापासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत तो बिनदिक्कत वापरता येतो.

पण निरोप पोचला म्हणजे ताळमेळ जमला असं नाही. चॅनलवरचा निरोप त्या क्षणी ऐकणाऱ्यालाच मिळतो. नंतर उघडलेल्या टॅबसाठी तो कुठेही राखून ठेवलेला नसतो. मागे पडलेल्या टॅबना ब्राउझर झोपवतो, ते वेगळंच. क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पाच मिनिटांहून अधिक काळ दडलेल्या पानाचे टायमर बहुधा मिनिटाला एकदाच चालतात. मोबाइलवर तर पान सरळ गोठवलं जातं. म्हणून निरोपातून अख्खी यादी पाठवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. निरोप एवढाच असावा: ‘यादी बदलली आहे.’ ऐकणाऱ्याने ती मूळ साठ्यातून पुन्हा वाचावी, आणि टॅब पुन्हा समोर आला की निरोप मिळो न मिळो, तेव्हाही वाचावी. मग एखादा निरोप हुकला तरी नुकसान होत नाही.

उरतो एकाच वेळी लिहिण्याचा प्रश्न. लॉगिनची मुदत वाढवणं हे त्याचं सर्वांत त्रासदायक उदाहरण. अनेक सर्व्हर मुदत वाढवण्याचं टोकन एकदाच वापरू देतात. मुदत संपली की चार उघडे टॅब एकदमच तेच टोकन घेऊन धावतात; पहिल्याचं काम होतं, आणि तेच टोकन पुन्हा आलेलं पाहून सर्व्हर चोरीच्या संशयाने सगळ्यांनाच बाहेर काढतो. इथे वेब लॉक्स कामी येतं. टॅबने ब्राउझरकडे ठरावीक नावाचं कुलूप मागायचं. ते एका वेळी एकालाच मिळतं, बाकीचे रांगेत थांबतात. टॅब मध्येच बंद झाला किंवा कोसळला, तर ब्राउझर स्वतःच कुलूप सोडवतो. हाताने बनवलेल्या कुलपांना नेमकं हेच जमत नसे. कुलूप हाती आल्यावर प्रत्येक टॅबने आधी पाहायचं, की नवं टोकन कोणी आणून ठेवलंय का. हे पाहायला विसरलं तर कुलपाचा काहीच उपयोग नाही. पुस्तकांच्या यादीलाही तोच नियम: कुलूप घ्या, ताजी यादी वाचा, पुस्तक घाला, लिहा, कुलूप सोडा.

आणि हे सगळं एका ब्राउझरपुरतं. तोच ग्राहक फोनवरूनही यादी बदलतो, तिथे ना चॅनल पोचत ना कुलूप. त्यासाठी सर्व्हरने प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक द्यावा आणि जुन्या क्रमांकावर आधारलेला बदल नाकारावा. एचटीटीपीत यासाठी ४१२ हा उत्तराचा संकेत आहे.

लॉगआउटबाबत तर कसलीच सवलत नको. ग्रंथालयातल्या किंवा कार्यालयातल्या सामायिक संगणकावर माणूस एका टॅबमधून बाहेर पडतो आणि निश्चिंत होऊन उठतो. दुसऱ्या टॅबमध्ये त्याच्या खात्यातली रक्कम पुढच्या माणसाला दिसत राहते. लॉगआउटचा निरोप प्रत्येक टॅबला गेलाच पाहिजे आणि प्रत्येकाने पडद्यावरचा मजकूर तिथल्या तिथे पुसलाच पाहिजे.

तुम्ही ॲप लिहीत असाल तर पुढचा भाग येईपर्यंत एवढं करून पाहा: आपलं ॲप दोन टॅबमध्ये उघडा, एकात लॉगआउट करा, दुसऱ्यात ‘सेव्ह’ दाबा, आणि काय होतं ते नीट टिपून ठेवा. पुढच्या आठवड्यात सर्व्हिस वर्करकडे वळू.