मदतीचें मोजमाप कोणीं करावें ?

परकीय कर्जानें वा साहाय्यानें एखादें धरण उभें राहतें, तेव्हां त्याचें यशापयश ठरविण्याचीं मापें बहुधा कचेरींतच तयार होतात. भिंत किती उंच झाली, जमीन किती भिजेल, वीज किती मिळेल, हें सारें कागदावर नीट मांडतां येतें. परंतु त्याच धरणांत ज्याचें शेत बुडतें त्याचा हिशेब निराळा असतो. आणि तो विचारल्यावांचून केलेली तपासणी अपुरी राहते. नर्मदेवरील सरदार सरोवराचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे.

या प्रकल्पास ४५ कोटी डॉलर देण्याचा करार जागतिक बँकेनें १९८५ सालीं केला. बुडिताच्या क्षेत्रांत आपल्या महाराष्ट्रांतील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांचीं ३३ गांवें होतीं. आपल्या जमिनीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गमावणाऱ्या कुटुंबास किमान २ हेक्टर जमीन मिळावी, असा लवादाचा १९७९ चा निवाडा होता. निवाडा उदार खरा. पण जमीन कोणाची, हें ठरे सरकारी उताऱ्यावरून. डोंगरउतारावरची वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींपाशीं असा उतारा कोठून असणार ? दप्तरांत ते अतिक्रमणदार ठरले. मोहाचीं फुलें, गुरांचा चारा, नदींतील मासळी यांस तर त्या दप्तरांत रकानाच नव्हता.

लोकांनीं चळवळ केल्यावर १९९१ सालीं बँकेनें ब्रॅडफर्ड मोर्स व थॉमस बर्जर यांची स्वतंत्र समिति नेमली. समितीनें खोऱ्यांतील गांवांत जाऊन लोकांचें म्हणणें ऐकलें. चालू परिस्थितींत सर्व विस्थापितांचें पुनर्वसन होणें शक्य नाहीं, असा निष्कर्ष तिनें जून १९९२ मध्यें दिला. पुढील मार्च महिन्यांत भारत सरकारनें उरलेलें कर्ज घेणें थांबविलें. आणि त्याच वर्षीं बँकेनें एक तपासणी मंडळ स्थापिलें. प्रकल्पाची झळ लागलेलीं दोन माणसें एकत्र आलीं तरी त्यांस या मंडळाकडे दाद मागतां येते.

धरण मात्र थांबलें नाहीं. २०१७ सालीं तें राष्ट्रास अर्पण झालें. मग या चौकशीनें साधलें काय ? उत्तर असें कीं, प्रश्न योग्य होते, परंतु ते उशिरां विचारले गेले. करार होऊन सहा वर्षें लोटलीं होतीं.

गांवकऱ्यास आपल्यापुरतेंच दिसतें, कच्छची तहान त्यास दिसत नाहीं, असा आक्षेप कोणी घेतील. तो अगदींच खोटा नाहीं. परंतु कच्छचा तहानलेला शेतकरीही स्थानिकच आहे. त्यासही विचारावें, आणि दोघांचे जमाखर्च एकाच पानावर मांडावेत. मात्र हें पान करारावर सही होण्यापूर्वीं लिहिलें जावें, आणि त्यांत कोणते रकाने असावेत हें ठरवितांना ज्याचें घर पाण्याखालीं जाणार तो मनुष्य बैठकींत असावा. काम झाल्यावर घेतलेली साक्ष ही बहुधा नुकसानीची नोंद ठरते. आधीं घेतलेली साक्ष नुकसान टाळूं शकते.