सात वाजेपर्यंतचे चित्र

व्यंगचित्रकाराचा दिवस घरच्यांना रिकामा दिसतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सकाळी तीन वर्तमानपत्रे वाचून मी भिंतीकडे बघत बसतो. हेच माझे काम, पण ते कामासारखे दिसत नाही. मग अम्मी म्हणते, "बसलाच आहेस तर दळण टाकून ये." शेजारचे चाचा निवडणुकीच्या गप्पा घेऊन येतात. लेकीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी सिंह हवा असतो, कारण अब्बा चित्रकार आहेत हे तिने वर्गात सांगून ठेवलेले असते. सिंहाला अर्धा तास जातो. चक्कीवर रांगेत उभा असताना झकास कल्पना सुचते, चक्कीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद होतो आणि पिठाचा डबा घरी येईस्तोवर कल्पना उडून गेलेली असते.

आर. के. लक्ष्मण यांच्याविषयी वाचले तेव्हा जरा धीर आला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता. पुढे पन्नासहून अधिक वर्षे 'टाइम्स ऑफ इंडिया'त चित्रे काढूनही कल्पना सुचेपर्यंतची रोजची घालमेल सुटली नाही, असे ते सांगत. फरक एवढाच की त्यांना दार बंद करता येईल अशी केबिन होती.

आमच्या अमरावतीत मे महिना वेगळाच छळतो. कूलर लावला की ड्रॉइंग शीट ओलसर होते आणि शाई फुटते. बंद केला की कपाळाचा घाम नेमका चेहऱ्यावर टपकतो, म्हणजे चित्रातल्या मंत्र्याच्या. एकदा त्या डागाचाच मी चष्मा केला. वाचकांना तो फार आवडला, हे सांगायला हवे.

पैशांचे तर बोलूच नये. चंद्रपूरचे मनोहर सप्रे प्राध्यापकी सांभाळून व्यंगचित्रे काढत. मी दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिका करतो. नातेवाइकांच्या पत्रिका अर्थातच फुकट. अकोल्याच्या ज्या दैनिकात माझी चौकट येते, तिथे मानधन मागायला स्वतः जावे लागते. "पुढच्या आठवड्यात पाहू ना भाऊ" हे ऐकायला मी कितीदा तरी तो खड्ड्यांचा रस्ता तुडवला. निदान खड्ड्यांवर चित्रे तरी निघत. जून 2022 मध्ये लोणी ते मूर्तिजापूर एका पदराच्या हिशेबाने 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, माझा हुकमी विषय गेला.

चित्र मात्र ई-मेलने जाते, संध्याकाळी सातच्या आत. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दगडफेक, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. त्या दिवसांत घरी कुणी दळण सांगितले नाही, चाचा आले नाहीत, लेकीची शाळा बंद. पहिल्यांदाच पूर्ण शांतता मिळाली आणि हात चालेना. दुपारभर बसलो. अम्मी दोनदा येऊन काही न बोलता परत गेली. शेवटी एकमेकांना लागून असलेली दोन दुकाने काढली, एक शिंप्याचे, एक बांगड्यांचे. दोन्हींना सारखेच कुलूप, आणि मधल्या पायरीवर रोजच्या दुधाची वाट पाहणारी मांजर. ओळ लिहिली नाही. कोणती लिहिली असती तरी कुणीतरी ती आपल्यावर ओढून घेतली असती.

सात वाजले. चित्र पाठवायचे कसे? फोन लागत होता, म्हणून संपादकांना तोंडी सांगून पाहिले. मांजरीपर्यंत आल्यावर ते म्हणाले, "राहू द्या, सांभाळून राहा." माझ्या चौकटीत हरभऱ्याच्या बियाण्याची जाहिरात लागली. नेट परत आल्यावर चित्र पाठवले, तर उत्तर आले की आता ते शिळे झाले. चूक त्यांची नव्हती, बातमी खरेच पुढे गेली होती.

मूळ चित्र ड्रॉवरमध्ये आहे. आमच्या शिंप्याने एकदा मागून त्याची झेरॉक्स काढून घेतली. रमजानमध्ये कपडे टाकायला गेलो, तर ती त्याच्या मशीनमागे भिंतीला चिकटवलेली दिसली. खालच्या कोपऱ्यात, मांजरीच्या शेपटीजवळ, त्याने पेन्सिलीने कुणाच्या तरी सदऱ्याचे माप लिहून ठेवले होते.