दिडकी, दादरा आणि मनाचे श्लोक

शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास बहुधा मधल्या सुट्टीनंतर असतो, आणि पोर्शन मागे पडला की गणिताचे सर आधी तोच मागून घेतात. माझं म्हणणं, त्यांनी तो खुशाल घ्यावा. फक्त टाळ्या वाजवत घ्यावा.

पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, दिडकी पाठ असणारी पिढी आपल्या घराघरांत होती. ही अपूर्णांकांची कोष्टकं शाळेतून गेली. तबल्याच्या वर्गात मात्र ती नांदताहेत. तिथे दीडपट लयीत बोल म्हणायचे आणि नेमके समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे. सहा मात्रांचा दादरा दीडपटीत म्हटला की चार मात्रांत संपतो, म्हणून तिसऱ्या मात्रेपासून उचलायचा. पाचवीच्या मुलांना हे हातावर जमतं. सोळा मात्रांच्या तीनतालाला दहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा लागतात, तेव्हा सव्वापाच मात्रांच्याही जरा पुढून उचलावं लागतं. तिथे मोठेही अडखळतात!

डोंबिवलीत एका प्राथमिक वर्गात बसलो होतो. बाईंनी चौदा मणी फळ्यावर काढून त्यांचे भाग पाडायला सांगितले. त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी माझा लाडका विषय, वृत्तं.

मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: चार य गण (लघू-गुरू-गुरू), म्हणजे ओळीत बारा अक्षरं. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, म्हणून प्रत्येक गणाच्या पाच आणि ओळीच्या वीस. झपताल दहा मात्रांचा, तेव्हा एक ओळ बरोबर दोन आवर्तनांत बसते. पण पहिलं अक्षर समेवर ठेवलं तर टाळी गुरूच्या पोटात पडते आणि म्हणणं लंगडतं. तेच पहिलं लघू अक्षर समेच्या एक मात्रा आधी उचला. मग पहिला गुरू समेवर येतो, दुसरा गुरू आणि पुढच्या गणाचा लघू मिळून तीन मात्रा होतात, आणि झपतालाचे दोन-तीन, दोन-तीन हे खंड शब्दांना चपखल बसतात. मराठीचा, गणिताचा आणि गाण्याचा तास एकाच ओळीत उरकतो. गण ओळखा, हा प्रश्न दोन मार्कांसाठी घोकणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं, याचा मला राग येतो.

याच हिशोबातून बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजले. एक आणि दोन मात्रांची अक्षरं जोडून तीन मात्रा तीन प्रकारे भरतात, चार पाच प्रकारे, पाच आठ प्रकारे. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. हीच आकड्यांची माळ सांगणारं फिबोनाचीचं पुस्तक 1202 मधलं, म्हणजे त्यानंतरचं.

आता गाण्याच्या शिक्षणाची थोडी रीतसर माहिती. पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं 1901 मध्ये. हंगेरीत संगीतकार कोडायच्या प्रेरणेने केचकेमेतला गायनप्रधान प्राथमिक शाळा निघाली 1950 मध्ये. आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही कलेतून इतर विषय शिकवण्याची शिफारस आहे.

पण त्यासाठी हंगेरी कशाला? ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा ती गावं आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. बालगीतांना त्या शिक्षणात मानाची जागा होती. आणि कल्याणचा गायन समाज तर शंभरीच्या घरातला. सकाळच्या लोकलमधली भजनी मंडळी डब्याच्या पत्र्यावरही ठेका धरतात. घरात ताल आहेच. लेझीमही शाळेत आहे, फक्त ती कवायतीच्या सरांकडे असते आणि तिच्यातले आठाचे हिशोब कुणी मोजत नाही.

तर ते चौदा मणी. एका मुलीने पाच-दोन-तीन-चार पाडले. बाई म्हणाल्या, हा धमार. दुसऱ्याने तीन-चार-तीन-चार केले, ती दीपचंदी. मागच्या बाकावरचा म्हणाला, ‘‘बाई, माझे सात-सात.’’

‘‘सातात परत तीन-दोन-दोन पाड,’’ बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुझा रूपक दोनदा वाजेल.’’