कोकिळेची पाळत

पहाटे पाच. मे सरत आलाय, रत्नागिरीच्या बागांतून शेवटचे हापूस उतरताहेत आणि परसातल्या रायवळ आंब्यावर कोकीळ सूर चढवत चाललाय. शेजारच्या काकू करवादतात, ‘झोपू देत नाही मेला!’ हा नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती पानांआड गप्प बसलेली असते.

सात. कावळ्यांचं घरटं त्याच झाडावर. काटक्या, मधूनच तारेचा तुकडा. एक कावळा मिरकरवाड्याकडे मासळीच्या कचऱ्यावर गेला, दुसरा राखणीला. कोकिळा नुसती बघते. झाड, फांदी, उंची हे सगळं कावळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. तिला साधायची असते ती वेळ. रिकाम्या घरट्यातलं परकं अंडं लगेच डोळ्यात भरायचं. उबवण बरीच पुढे गेल्यावर घातलं, तर पिल्लू मागे पडायचं. कावळीची अंडी घालणं चालू असतं ते मोजके दिवसच तिच्या कामाचे.

साडेनऊ. नर मुद्दाम घरट्यालगतच्या उघड्या फांदीवर येतो. कावळे चवताळतात, दोघंही त्याच्या पाठी! तो नारळींमधून ओरडत त्यांना लांब नेतो. तेवढ्यात मादी घरट्यात शिरते आणि बघता बघता बाहेर पडते. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच, हिरवट, तपकिरी शिंतोड्यांचं, फक्त जरा लहान. ते १२ ते १४ दिवसांत फुटतं. कावळ्याच्या अंड्याला साधारण तीन दिवस जास्त लागतात. तेवढ्यात पाहुणा घास गिळून तयार! युरोपातल्या कुक्कूचं पिल्लू घरमालकाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर लोटतं, असं एडवर्ड जेन्नरनं १७८८ मध्ये लिहून ठेवलं. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तेवढ्या थराला जात नाही.

दुपारी उंबराची फळं आणि सावली. बाकी काही नाही.

चार. कुंपणाच्या झुडपात सातभाईंचा कलकलाट. पावशाची नजर यांच्या घरट्यांवर. पावसाच्या सुमारास आफ्रिकेतून येणाऱ्या चातकाचीही. सातभाईंची अंडी निळी, म्हणून या दोघांचीही निळीच. त्याच कुळातला भारद्वाज मात्र स्वतः घरटं बांधून पोरं वाढवतो. त्याला कुणी शाबासकी देत नाही.

सहा. कावळी घरट्यात बसलीय. पावसाआधी फांद्या छाटायचे हे दिवस. कोयता चालवण्यापूर्वी वर पाहा. कावळ्याचं घरटं दिसलं, तर पिल्लं उडेपर्यंत तेवढी फांदी राहू द्या. त्यात एखादं कोकिळेचंही असेल.